ठाकरे, थॅकरे आणि तेक्केरेय

विशेषनामाचे भाषांतर होत नाही, त्याचे केवळ लिप्यंतर होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु इंग्रजी आडनाव रशियन मजकुरात नेण्याचे काम प्रत्यक्ष करणाऱ्याला ही समजूत फार काळ बाळगता येत नाही. त्या आडनावाचा उच्चार, रशियन वाचकांत रुळलेले त्याचे रूप, विभक्तीनुसार होणारे त्याचे बदल आणि ते धारण करणाऱ्या व्यक्तीची ओळख, या चारही बाबींचा निर्णय एकाच शब्दात करावा लागतो. खारघरमध्ये राहून इंग्रजीतून रशियनमध्ये भाषांतर करणाऱ्या एका भाषांतरकर्तीच्या अनुभवातून हा निर्णय कसा घडतो, हे येथे मांडले आहे.

तिच्या कामाचा मोठा भाग वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांचा असतो. पारपत्रावर नाव रोमन लिपीत असते, रशियन व्हिसावर ते रशियन लिपीतही येते आणि पुढे गुणपत्रिकांच्या व प्रमाणपत्रांच्या भाषांतरांत तेच रूप राखावे लागते, कारण एकाच विद्यार्थ्याचे आडनाव दोन कागदांवर दोन प्रकारे आले, तर ती व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर येते. पनवेल परिसरातील ‘घरत’ हे आडनाव रोमन लिपीतून रशियनमध्ये नेताना ‘गरात’ आणि ‘ग्खरात’ अशी दोन्ही रूपे संभवतात. त्यांतले मराठी उच्चाराला अधिक जवळचे कोणते, हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो आणि आधीच्या कागदावर जे आहे, तेच पुढे चालवावे लागते. कागदपत्रांत आडनाव ही ओळखीची खूण असते आणि खुणेने बदलू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

ललित किंवा ऐतिहासिक लेखनात मात्र हा नियम अपुरा पडतो. पनवेल परिसराचा परिचय करून देणाऱ्या एका इंग्रजी लेखाचे रशियन भाषांतर करताना या भाषांतरकर्तीसमोर एकच इंग्रजी आडनाव एका परिच्छेदात दोन व्यक्तींसाठी आले. केशव सीताराम ठाकरे, म्हणजेच 1921 मध्ये ‘प्रबोधन’ हे नियतकालिक सुरू करून पुढे प्रबोधनकार म्हणून ओळखले गेलेले समाजसुधारक, यांचा जन्म 17 सप्टेंबर 1885 रोजी पनवेलला झाला. त्यांच्या घराण्यात धोडपकर व पनवेलकर ही स्थळवाचक आडनावेही चालत होती आणि वडिलांनी शाळेत त्यांचे आडनाव ‘ठाकरे’ असे लावले. इंग्रजीत ते लिहिताना त्यांनी ‘व्हॅनिटी फेअर’ या कादंबरीचे लेखक विल्यम मेकपीस थॅकरे यांच्या आडनावाचे स्पेलिंग घेतले, कारण ते या लेखकाचे चाहते होते. स्वतः थॅकरे यांचा जन्म 1811 मध्ये कोलकात्यात झालेला. त्यामुळे इंग्रजी पानावर या दोन आडनावांत एका अक्षराचाही फरक दिसत नाही; रशियन पानावर मात्र तो करावाच लागतो.

याचे कारण रशियन परंपरेत आहे. इंग्रजी कादंबरीकाराचे आडनाव तेथे ‘तेक्केरेय’ या रूपात रुळलेले आहे. इंग्रजी शब्दारंभीचा दंतघर्षक ध्वनी रशियनमध्ये नाही, म्हणून त्याच्या जागी साधा ‘त’ येतो. ‘अॅ’ या स्वराऐवजी जुन्या रिवाजाप्रमाणे ‘ए’ येतो. स्पेलिंगमधील दोन व्यंजनाक्षरांमुळे ‘क’चे द्वित्त होते. अशा रुळलेल्या रूपापुढे उच्चाराचा आग्रह चालत नाही. टॉमस हक्सली या एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञाला रशियनमध्ये ‘गेक्सली’ म्हणतात आणि त्याचाच नातू असलेल्या ऑल्डस हक्सली या कादंबरीकाराला ‘खाक्सली’, कारण ‘ह’ हा ध्वनी पूर्वी ‘ग’ने दाखवला जाई आणि पुढे चेखवच्या नावातल्या ‘ख’ने दाखवला जाऊ लागला. आजोबा आणि नातू यांचे आडनाव काळानुसार असे वेगळे होते, तर पनवेलचे ठाकरे आणि लंडनचे थॅकरे रशियनमध्ये एकाच रूपात कोंबण्याचे काहीही कारण उरत नाही.

मराठी उच्चारावरून जावे, तर भारतीय नावांसाठीच्या रशियन रिवाजानुसार ‘ठाकरे’चे ‘त्खाक्रे’ होते. मूर्धन्य ‘ठ’ आणि दंत्य ‘थ’ यांतील भेद त्यात हरवतो. महाप्राणत्व, म्हणजे व्यंजनाबरोबर सुटणारा श्वासाचा झोत, मात्र दुसऱ्या अक्षराने दाखवला जातो. या निवडीचा परिणाम व्याकरणावरही होतो. रशियनमध्ये व्यंजनान्त परकीय आडनाव पुरुषाचे असेल, तर विभक्तीनुसार बदलते. म्हणून ‘तेक्केरेयाची कादंबरी’ म्हणताना त्याचे षष्ठीचे रूप ‘तेक्केरेया’ होते. त्याच लेखकाच्या ॲन या लेखिका असलेल्या कन्येचे आडनाव मात्र सर्व विभक्त्यांत ‘तेक्केरेय’ असेच राहते, कारण स्त्रीच्या व्यंजनान्त आडनावाला विभक्ती लागत नाही. एकारान्त ‘त्खाक्रे’ तर स्त्री-पुरुष दोघांच्याही बाबतीत अविकारी, म्हणजे न बदलणारे राहते. मराठी वाचकाला हा प्रश्न अगदी अपरिचित नाही. ‘ठाकऱ्यांनी’ म्हणावे की ‘ठाकरेंनी’, असा सामान्यरूपाचा पेच आपल्याही भाषेत आहे, आणि त्यातही बोलणाऱ्याचा त्या व्यक्तीशी असलेला संबंध डोकावतो.

भाषांतरकर्तीने अखेरीस कादंबरीकारासाठी ‘तेक्केरेय’ आणि प्रबोधनकारांसाठी ‘त्खाक्रे’ ही रूपे ठेवली. एवढ्याने मात्र काम पुरे झाले नाही, कारण दोन रूपे वेगळी केल्याबरोबर प्रबोधनकारांनी जाणीवपूर्वक जुळवलेले स्पेलिंगचे नाते रशियन वाचकाच्या नजरेआड गेले. म्हणून पहिल्या उल्लेखापाशीच एक वाक्य मजकुरात गुंफावे लागले: हे मराठी आडनाव इंग्रजीत त्या कादंबरीकाराच्या आडनावाप्रमाणे लिहिले जाते आणि तसे लिहिणे ही धारकाची स्वतःची निवड होती. हे वाक्य तळटीपेत घालणे सोयीचे असले, तरी ते मुख्य मजकुरातच असणे तिने आवश्यक मानले, कारण पश्चिमेचे वाचन करून ते मराठी समाजासाठी वापरणाऱ्या पिढीविषयी ते स्पेलिंग काही सांगत होते.

परकीय आडनाव आपल्या जिभेवर आणण्याचे काम महाराष्ट्राने पूर्वीही केले आहे. 1779 मध्ये पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कार्ल्याजवळ मारला गेलेला कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट मावळात ‘इष्टुर फाकडा’ झाला. शत्रूच्या शौर्याला दिलेली ही दाद लिप्यंतराच्या कोणत्याही नियमात बसत नाही, तरीही ते नाव त्याच माणसाचे आहे याविषयी कोणाला शंका येत नाही. अशा वेळी रशियन भाषांतरात ‘स्त्यूआर्त’ या रूपाबरोबर ‘इष्टुर फाकडा’ हेही रूप द्यावे लागेल, अन्यथा माणूस ओळखू येईल आणि मावळाने त्याला दिलेले स्थान निसटेल.

आडनाव कोणत्या अक्षरांनी लिहिले आहे याआधी ते कोणाचे आहे, त्याने ते कसे स्वीकारले आणि कोणत्या समाजाने ते उच्चारले, हे भाषांतरकाराने विचारले पाहिजे. लिप्यंतराच्या तक्त्यात या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. ती संदर्भातून मिळवावी लागतात आणि मिळाल्यावर वाचकापर्यंत पोहोचवावी लागतात, कारण दुसऱ्या भाषेतील वाचकाला त्या माणसाची पहिली ओळख त्याच्या नावानेच होणार असते.