पाण्यावरची रेघ

लखनौजवळ कुकरैलच्या वनात घडियालांचे संवर्धन केंद्र आहे. १९७० च्या दशकात ते उभे राहिले. नदीकाठची अंडी आणून येथे उबवायची आणि पिले वाढली की चंबळसारख्या नद्यांत सोडायची, असा तेथील क्रम. घडियाल तगला याचा आनंद मलाही आहे. परंतु मी मूळचा मालवणचा. चंबळच्या अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे हे आठवले की काठावरच्या मल्लाहांनी मग काय केले असेल, हा विचार पाठ सोडत नाही.

मालवणला १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यात सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या आसपासचा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. तेथल्या खडकांवरचे प्रवाळ आणि शैवाल जपले पाहिजे, यात वाद नाही. पण जंगलाची हद्द दगड पुरून दाखवता येते. पाण्यावर रेघ ओढायची कशी? आणि त्याच पाण्यावर गाबितांची रापण चालते. होडीने जाळे अर्धवर्तुळाकार टाकायचे, दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, मग वाळूवरच मासळीचे वाटे पडायचे. दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्याचाही त्यात वाटा. रापणीत बारीक मासळी येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि किनाऱ्याजवळ जे येईल त्यावरच तिची मदार.

वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने एक कलम आले. सागरी क्षेत्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्याची पुरेशी तजवीज करावी, असे ते सांगते. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षे आधीची. 'आम्हांला कोणी विचारलेच नाही' ही तक्रार त्यामुळे निव्वळ हट्टाची वाटत नाही.

पुढे पर्ससीनच्या यांत्रिक नौका आल्या आणि रापणकरांची मासळी समुद्रातच उचलली जाऊ लागली. पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ आंदोलनांनंतर २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. अभयारण्याला विरोध केला तो याच समाजाने, आणि समुद्र ओरबाडू नका म्हणून रस्त्यावर उतरला तोही हाच. अभयारण्याच्या आराखड्याची बैठक सरकारी कचेरीत न घेता रापणीच्या एखाद्या मांगरात घ्यावी, असे मला फार वाटते.