सांध्याची राखण

इंजिनाच्या शक्तीचे कौतुक सर्वांनाच असते. ती शक्ती चाकापर्यंत नेणाऱ्या भागांची आठवण मात्र ते कुरकुरू लागल्यावरच होते. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि गॅरेजमध्ये ज्यांना ‘ॲक्सल’ म्हणतात ते दोन दांडे, अशी ही साखळी असते. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत या दांड्यांचे काम विशेष अवघड. चाक वळते, खड्ड्यात उतरते. तरीही त्याचे फिरणे अखंड राहावे लागते. त्यासाठी दांड्याच्या बाहेरच्या टोकाला सहा पोलादी गोळ्यांचा सांधा असतो. आल्फ्रेड रझेपा या अभियंत्याने १९२० च्या दशकात योजलेली ही रचना आज जगभरच्या मोटारींत आढळते. तिचे रक्षण करतो तो एक साधा रबरी बूट. तो फाटला की ग्रीस बाहेर फेकले जाते, चिखल आत शिरतो आणि सांधा वळणावर ‘टकटक’ करू लागतो.

चिपळूण तालुक्यातील अलोरे गावाला फिरणाऱ्या दांड्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहातून कोळकेवाडीच्या जलाशयात येते आणि अलोऱ्याच्या तिसऱ्या टप्प्यातील, प्रत्येकी ८० मेगावॉटचे, चार संच फिरवून वाशिष्ठीकडे जाते. अशा या गावात, यंत्रांच्या देखभालीत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या अंगणात, पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या मुलाची जुनी सॅन स्टॉर्म येऊन उभी राहिली. ही गोव्यात बनलेली दोन आसनांची स्पोर्ट्स कार. अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनो कंपनीचे ११४९ सीसीचे. तिचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे, त्यामुळे सुटे भाग दुकानात सहज मागावेत आणि मिळावेत अशी स्थिती नाही. कुंभार्ली घाट उतरताना प्रत्येक वळणावर डाव्या चाकातून टकटक ऐकू आली होती. दांडा घरीच उतरवायचा, असे वडिलांनी ठरवले.

पहिली अट घातली ती आईने. “नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली कोणी जायचे नाही.” ही अट कामाच्या शास्त्राला धरूनच होती. जॅक हा उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. सपाट सिमेंटची जागा निवडली, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. हबचा मोठा नट चाक जमिनीवर टेकलेले असतानाच, ब्रेक दाबून धरून, सैल केला. गाडी उचलल्यावर तेवढा जोर लावणे धोक्याचे असते. मग गाडी चौकटीच्या मजबूत जागी उचलून स्टँडवर ठेवली आणि काढलेले चाक बाजूच्या खाली आडवे सरकवले. आईने स्वतः येऊन ते पाहिले, तेव्हा काम पुढे सरकले.

गिअरबॉक्समधील तेल काढण्यापूर्वी वडिलांनी तेल भरण्याचे बूच उघडते का, ते पाहिले. तेल रिते झाल्यावर वरचे बूच गंजून बसल्याचे लक्षात आले, तर गाडी जागीच अडकते. परतीची वाट पाहून मगच पुढे जावे, ही त्यांची जन्माची सवय. खालचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढला आणि दांडा दोन्ही हातांनी तोलून सरळ रेषेत काढला. तो लोंबकळला असता तर आतला सांधा ताणला गेला असता. निघालेला प्रत्येक नट कोणत्या जागेचा, हे वहीत लिहून त्याच क्रमाने जुन्या डब्यांत ठेवले.

सांधा रॉकेलने धुतल्यावर खरा प्रश्न समोर आला. गोळ्या ज्या खाचांतून सरकतात, त्यांपैकी दोन खाचांत बारीक खड्डे पडले होते. सुटी संपत आलेला मुलगा म्हणाला, “बाबा, नवे ग्रीस भरून बसवू या. पुण्यापर्यंत तरी जाईल.” वडिलांनी त्या खाचेवरून त्याचेच बोट फिरवले. “घाटाच्या चढावर हा सुटला, तर इंजिन फिरत राहील आणि गाडी मागे येईल. तेव्हा मागे ट्रक असेल.”

मुलगा एसटीने पुण्याला गेला. गाडी स्टँडवरच, ताडपत्रीखाली राहिली. पुढील दोन महिने त्याने दात्यांची संख्या, दांड्याचा व्यास आणि लांबी लिहिलेला कागद घेऊन सुट्या भागांच्या बाजारात चकरा मारल्या. नावाने मागितलेला भाग कुठेच नव्हता. मापाने मागितल्यावर जुळणारा सांधा अखेर सापडला. नवा बूट, नवा ऑइल सील आणि हबचा नवा नट यांसह दांडा परत बसला. नट टॉर्क रेंचने आवळला, तेल मोजून भरले. गळालेले काळे तेल गटारात न ओतता कॅनमधून गॅरेजकडे दिले. त्या गटाराचे पाणीही वाशिष्ठीलाच मिळते.

दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही गाडी शांत राहिली. आनंदाच्या भरात मुलगा निघाला, तेव्हा वडिलांनी वही त्याच्या हाती दिली. शेवटच्या पानावर त्यांनी पुढच्या मे महिन्याची तारीख घालून ठेवली होती आणि तिच्यापुढे लिहिले होते : खाली वाकून चारही बूट पाहणे.