सांडणी वाचणार नाही, पिल्लं वाचव

प्रिय भाचीबाई,


बुरैदाहून पाठवलेला व्हिडिओ पाहिला. सांडणी मन लावून चरते आहे आणि मदार मात्र पार ओसरली आहे. उंटाच्या कोरड्या लेंड्या म्हणजे पाणी राखून ठेवायची त्याची ताकद. हिला महिनोन्‌महिने पातळ होतं आहे, म्हणजे ती ताकदच गेली. सर्रा, जंत, साल्मोनेला तू आधी तपासलेस, ते फार बरं केलंस. आता मलाही जोन्स रोगाचाच संशय येतो.

१८९५ मध्ये ड्रेस्डेनला योने आणि फ्रॉदिंगहॅम यांनी एका गायीच्या आतड्यात हा रोग पाहिला, तेव्हा त्यांना तो क्षयाचाच प्रकार वाटला. जंतू क्षयाच्या भाऊबंदांतलाच आहे. शरीराच्या पेशी त्याला गिळतात, पण मारू शकत नाहीत. मग त्यांच्याभोवती आणखी पेशी गोळा होत राहतात आणि आतडं गोधडीसारखं जाड, सुरकुतलेलं होतं. अन्नरस शोषला जात नाही, उलट रक्तातली प्रथिनं आतड्यात झिरपतात. भरल्या पोटी उपासमार होते, बाळा.

तिच्यासाठी औषध विचारतेस. तिला बरं करील असं औषध नाही. मालकाला हे स्पष्ट सांग, आणि सांगताना त्याच्याजवळ बस.

तुझी खरी लढाई पिल्लांसाठी आहे. लागण बहुधा कोवळ्या वयातच होते, शेणाने माखलेल्या सडातून, चिकातून, दुधातून. लक्षणं पुष्कळ उशिरा दिसतात. गायींच्या गोठ्यात आपण सांगतो, वासरू जन्मताच वेगळं करा. उंटाच्या कळपात ते कसं जमावं? पिल्लू जवळ नसलं तर सांडणी सहसा पान्हा सोडत नाही. तेरा महिन्यांचं गाभणपण, साधारण दोन वर्षांनी एक पिल्लू. ते दूर करायला कोण तयार होईल? म्हणून व्यायच्या आधीच माद्या तपास. संशयित माद्यांची व्यायची जागा वेगळी ठेव, चारा जमिनीवर टाकू देऊ नकोस, पाण्याच्या हौदात शेण जाऊ देऊ नकोस. आणि एका निगेटिव्ह अहवालावर विसंबू नकोस: जंतू शेणातून रोज पडतोच असं नाही. कल्चरला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर पीसीआर कर.

सांडणी गेलीच तर शवविच्छेदन टाळू नकोस. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि जवळच्या लसिका गाठींचे नमुने घे. त्या मालकाच्या बाकीच्या माद्या कधी विणार आहेत, ते मला आजच कळव.

तुझी,
मावशी