काकांना विचारायचं आहे

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं! इंग्लिशमध्येच लिहिणार होते, पण मग मामाने वाचलं नसतं.

आमचं गाव मुक्ताईनगर (आजी अजूनही एदलाबादच म्हणते). जवळच तापीवरचं हतनूर धरण. हिवाळ्यात तिथल्या बॅकवॉटरला परदेशी पक्षी उतरतात आणि आम्ही चार-पाच जण कॅमेरे घेऊन चिखलात! फोटो एका ॲपवर टाकायचो. नाव सांगत नाही, तुम्हीपण तिथंच पडीक असता. खरी मजा फोटोंखालच्या गप्पांत होती. मी नुसतं 'बदक' लिहिलं की कुठले तरी अनोळखी काका उत्तर द्यायचे, "चोच बघ, फावड्यासारखी आहे ना? मग तो थापट्या." माझं अर्धं पक्षीज्ञान असंच फुकटात जमलंय.

मग ॲप बदललं. पूर्वी टाकले त्या क्रमाने फोटो दिसायचे, आता कुणाला काय दाखवायचं ते मशीन ठरवतं. मध्येमध्ये नाचगाण्याचे व्हिडिओ. माझ्या चक्रवाकाला तीन लाइक, त्यातला एक आईचा! आणि काका दिसेनासेच झाले.

मामाजवळ सगळं भडाभडा बोलले. तो हसला. "अगं, हे तर आमच्या फ्लिकरपासून चालू आहे!" म्हणाला आणि सुरूच झाला. फ्लिकर २००४ मध्ये कॅनडात सुरू झालं, तेही एक ऑनलाइन गेम बनवता बनवता. २००५ मध्ये याहूने ते विकत घेतलं. २००७ मध्ये जुन्या मेंबरांना याहूचं लॉगिन सक्तीचं झालं, तेव्हा केवढा आरडाओरडा! २०१३ मध्ये सगळं रूप पालटलं, वर एक टेराबाइट जागा फुकट, तरी लोक चिडलेच. २०१८ मध्ये स्मगमगने घेतलं आणि त्याच वर्षी जाहीर केलं की फुकट खात्यात १००० च फोटो. नकाशावर फोटो लावायची पॅनोरामिओ साइट तर २०१६ मध्ये बंदच पडली.

मला विचाराल तर १००० चा नियम परवडला. सर्व्हरला पैसा लागतो, निदान तोंडावर सांगितलं तरी. न सांगता माणसं एकमेकांना दिसेनाशी होतात, ते जास्त लागतं.

मामा मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवतो, नावात तारीख, गाव, पक्षी. कामाच्या कॉमेंट चक्क वहीत उतरवतो! मी आधी हसले होते, आता माझीपण वही आहे. रविवारी सगळे मामाकडे जमतो, टीव्हीला पेनड्राइव्ह लावतो आणि नावांवरून भांडतो. मामीचा चहा दोनदा होतो.

काकांचा मात्र पत्ता नाही. खरं नाव कुणालाच माहीत नाही, प्रोफाइलवर नुसता खंड्याचा फोटो होता. जे पक्षी भांडूनही ओळखता येत नाहीत, त्यांच्यासाठी हार्ड डिस्कवर एक फोल्डर केलंय, 'काकांना विचारायचं आहे'. सध्या त्यात १४ फोटो आहेत.