पंचवीसच्या पुढची आठ मिनिटं

*इलेक्ट्रिक सायकलचं ‘स्पीड लॉक’ काढून दे, असा गावाकडून फोन आला. काम दहा मिनिटांचं. उत्तर द्यायला मात्र अख्खा वीकएण्ड लागला...*

गावातून शहरात येऊन इंजिनीअर झालेल्या माणसाचं एक असतं. तुम्ही कोडिंग करता की बँकेचं सॉफ्टवेअर टेस्ट करता, याच्याशी गावाला काही देणंघेणं नसतं. इंजिनीअर म्हणजे इंजिनीअर! दिवाळीला घरी गेलं की कुणी मिक्सर आणून पुढ्यात ठेवतं, कुणी टीव्हीचा रिमोट. आमचं गाव जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. तिथे मी आजवर पाण्याच्या मोटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं ‘बघितलंय’. बघण्यापलीकडे फारसं काही जमलेलं नाही, ते सोडा. पण या वेळी धाकट्या चुलतभावाने सांगितलेलं काम मला खरंच येणारं होतं. आणि तिथेच पंचाईत झाली.

भाऊ अकरावीत, नुकतीच सतरा पूर्ण झालेली. काकांचं घर शेतात, जानेफळपासून नऊ किलोमीटरवर. कॉलेज गावात. एसटीची वेळ आणि कॉलेजची वेळ यांचं कधीच जमलं नाही. म्हणून सोयाबीनचे पैसे आल्यावर काकांनी त्याला इलेक्ट्रिक सायकल घेऊन दिली. २५० वॉटची मोटर मागच्या चाकात, ३६ व्होल्टची बॅटरी. लायसन्स नको, नंबर प्लेट नको, पेट्रोल तर नकोच. पहिला महिना पठ्ठ्या हवेत होता. दुसऱ्या महिन्यात फोन आला.

“दादा, हे पंचवीसच्या वर जातच नाही ना! पोरं चिडवतात मले. लॉक काढलं का चाळीस पळते म्हणे. तू पुन्याहून कंट्रोलर घेऊन ये, अन् लावून दे.”

आता गंमत बघा. आमच्या ऑफिसात, पार्किंगच्या तळमजल्यावर, अशी ‘सुटलेली’ सायकल रोज उभी असते. मालक आमच्याच टीममधला. सोमवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी तो आपला टॉप स्पीड असा सांगतो, जसं काही अप्रेझलचं रेटिंग! त्यामुळे हे कसं करतात, ते मला पाठ झालं होतं. काही सायकलींत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये शिरून आकडा बदलायचा. काहींत कंट्रोलरमधून बाहेर आलेली एक छोटी वायर सोडवायची. पण चाकातली मोटर किती वेगाने फिरणार, हे शेवटी व्होल्टवर ठरतं. सेटिंग बदलून दोन-चार किलोमीटर वाढतात आणि तिथेच गाडी अडते. मग माणूस ३६ व्होल्टची बॅटरी काढून ४८ ची लावतो. फुल चार्जला ३६ ची बॅटरी ४२ व्होल्टपर्यंत जाते, ४८ ची ५४.६ पर्यंत. जुना कंट्रोलर तेवढ्यासाठी बनलेलाच नसतो, म्हणून तोही बदलायचा. बॅटरी गेली, कंट्रोलर गेला... मग मूळचं उरलं काय? फ्रेम, ब्रेक आणि आपला भाऊ!

तरी मी लगेच ‘नाही’ म्हटलं नाही. कारण सतरा वर्षांच्या पोराला नुसतं नाही म्हटलं, की तो दुसरीकडे जातो. मोबाईल दुरुस्त करणारा कुणी तरी हौशी मेहकरला सापडतोच. म्हणून शनिवारी कागद-पेन घेऊन बसलो. आधी कायदा.

या सगळ्या सवलती त्या पंचवीसच्या आकड्यावर उभ्या आहेत, हे तेव्हा नीट कळलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ई-सायकलला ‘मोटार वाहन’ धरत नाहीत. पण अटी आहेत. मोटर २५० वॉटच्या आत हवी. पेडल मारायचं थांबवलं की तिची मदत थांबायला हवी. आणि वेग वाढेल तशी मदत कमी होत होत ताशी २५ किलोमीटरला पूर्ण बंद व्हायला हवी. ही अट मोडली, की सायकल ही सायकल राहत नाही. ती बिननोंदणीची, बिनविम्याची मोटरगाडी होते. तिला पेडल आहेत, हे सांगून उपयोग नाही. १९७२ मध्ये आलेल्या लूनालाही पेडल होते, म्हणून तिला कुणी सायकल म्हटलं नाही. आमच्या आजोबांच्या लूनालाही नंबर होताच की!

हे नुसतं पुस्तकातलं नाही. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा बेकायदा बदललेल्या ई-बाईक्सविरुद्ध राज्यभर मोहीम उघडली होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने गाडीत बेकायदा बदल केला, तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण माझा पेन थांबला तो पुढच्या कलमावर. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही! २५ किलोमीटर, २५ हजार, २५ वर्षं. इतकं जुळून आलेलं गणित मी बारावीतही पाहिलं नव्हतं.

आणि कुणाला धक्का लागला तर? विमा नाही. भरपाई जाणार काकांच्या खिशातून. काकांचा खिसा म्हणजे त्यांचं शेत.

मग भौतिकशास्त्र. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलो धरा. सपाट रस्ता, वारा पडलेला. ढोबळ हिशोबाने २५ च्या वेगाला पावणेदोनशे वॉटच्या आसपास लागतात. ४० ला लागतात पावणेसहाशे! वेग दीडपटीहून थोडा जास्त, ताकद तिपटीहून जास्त. कारण वेग वाढला की सगळ्यात मोठा शत्रू असतो हवा, आणि हवेला तोडायची ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे २५० वॉटची मोटर दुप्पट राबणार आणि तापणार. किलोमीटरमागे बॅटरी दुप्पट खर्च होणार. आज एका चार्जमध्ये तीस किलोमीटर जाणारी सायकल पंधरात बसणार. कॉलेजला जाऊन-येऊन होतात अठरा. शेवटचे तीन किलोमीटर ढकलत!

ब्रेकचंही तसंच. चांगला ब्रेक, कोरडा रस्ता आणि भान यायला एक सेकंद धरला, तर २५ वर असताना थांबायला तेरा-चौदा मीटर लागतात. ४० वर साधारण दुप्पट. मध्ये म्हैस आली तर ती हा हिशोब विचारत नाही.

आणि एक गोष्ट कागदावर नव्हती, पण माझ्या डोळ्यांसमोर होती. काकांच्या घरी ती बॅटरी चार्जिंगला लागते कुठे? मागच्या खोलीत. दिवाळीनंतर त्याच खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो. तिथे मी पुण्याच्या कुठल्या तरी दुकानातून जोडून आणलेली, ना कसली टेस्ट ना कसली गॅरंटी असलेली बॅटरी रात्रभर लावून ठेवायची?

एवढं सगळं करून मिळणार काय? नऊ किलोमीटरला २५ च्या वेगाने साडेएकवीस मिनिटं लागतात. ४० ने साडेतेरा. फरक आठ मिनिटांचा. बॉस, आठ मिनिटं! आमच्याकडे एवढा वेळ सिग्नलला जातो.

रविवारी फोन केला आणि हे सगळं ऐकवलं. आपण मस्त प्रेझेंटेशन दिलंय, अशा थाटात. पलीकडे जरा वेळ शांतता.

“दादा, तुह्यं गणित बरोबर हाय. पन तुह्या पुन्यात पंचवीस ठीक हाय. अठी मांगून ट्रक येते ना, तवा पंचवीसमंदीच जास्त भेव लागते.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तो खरं बोलत होता. शहरातल्या गर्दीत २५ म्हणजे पुष्कळ. तिथे सगळेच रांगत असतात. पण मेहकर-खामगाव रस्त्यावर ऐंशीने धावणाऱ्या गाड्यांच्या कडेला, तुमच्या मागे आरसा नाही, बाजूला वेगळी लेन नाही... तिथे सावकाश जाणाराच अंग चोरून जातो. जर्मनीत ४५ पर्यंत मदत करणाऱ्या वेगळ्या ई-सायकली असतात. त्यांना विमा, नंबर आणि लायसन्स लागतं, आणि त्या पहिल्यापासून तेवढ्या वेगासाठीच बनवलेल्या असतात. आपल्याकडे २५ च्या पुढे सरळ मोटरगाडीच. पण त्याचा प्रश्न वेगाचा नव्हताच. त्याला वेग हवा होता तो ट्रकच्या भीतीवर इलाज म्हणून. आणि ४० ने गेलास तरी ट्रक ऐंशीनेच येणार आहे रे बाबा, एवढंच मी म्हणू शकलो. भीती कमी वाटेल, पडलास तर लागेल मात्र जास्त.

मग आम्ही दोघांनी फोनवरच रस्ता शोधला. अक्षरशः रस्ता! काकांच्या शेतामागून पांदण जाते. ती दीडेक किलोमीटर लांब पडते, पण हायवेचा मोठा तुकडा टळतो. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीचा असा चिखल होतो, की सायकल काय, बैलही थांबतात. त्या चार महिन्यांत काकांनी मोटारसायकलवर सोडायचं, असं ठरलं. काका आधी कुरकुरले. २५ हजार आणि तीन वर्षं हे आकडे ऐकल्यावर थांबले. मी पुण्याहून पार्सल पाठवलं, पण कंट्रोलरचं नाही. त्यात हॅण्डलला लावायचा आरसा, मागचा लाल दिवा, हेल्मेट आणि हवेचा दाब मोजायचं यंत्र होतं. टायरमध्ये हवा कमी असली, ब्रेक रिमला घासत असला की सायकल २५ लाही धापा टाकते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आणि हो, वेगाचंही काही तरी करावं लागलंच. नियम २५ ला मोटर थांबवतो, माणसाला नाही! पायांनी तुम्ही कितीही पळवा. सायकलवाल्याकडून त्याने पुढचं दातेरी चक्र मोठं बसवून घेतलं. आता मोटर थांबली तरी पाय हवेत फिरत नाहीत, जोर लागतो. त्याचा सध्याचा रेकॉर्ड ३१ आहे. पोटऱ्या दुखतात म्हणतो, पण सांगतो अगदी आमच्या ऑफिसातल्या त्या पार्किंगवाल्याच्या थाटात. अठरा पूर्ण झाली की नंबर असलेली इलेक्ट्रिक स्कूटर बघू, असा शब्द मी दिलाय. त्याने तारीख लिहून ठेवलीये.

मागच्या आठवड्यात काकूशी बोललो. म्हटलं, पांदणीने जायला वेळ लागतो, मग हा आठ मिनिटं लवकर उठतो की नाही?

“तो कायचा उठते?” काकू म्हणाली. “म्याच डबा लवकर करतो.”