चहातला च

कार्डावर शब्द होता ‘चाळण’. खारघरला उत्सव चौकाजवळच्या माझ्या वाचाउपचाराच्या खोलीत काकूंनी तो खणखणीत वाचला. काका खूश. “बघा, वाचलं की! हिला जरा ऐकू कमी येतं, एवढंच.” पण काकूंचा च चहातला होता, चाकातला नव्हे. पाठोपाठ त्यांनी मलाच विचारलं, “चाळण म्हणजे काय गं?”

जन्मभर पीठ चाळलेल्या बाईचा हा प्रश्न.

देवनागरी बहुतांशी लिहिल्याप्रमाणे वाचता येते. अर्थ पुसला गेला तरी वाचन शाबूत दिसतं आणि घरचे फसतात. इंग्रजीत अशा माणसाचे आडमुठ्या स्पेलिंगचे शब्द चुकतात, जपानीत कांजी. मराठीत फट बारीक आहे: च, ज, झ. अक्षर एक, उच्चार दोन. कुठला घ्यायचा, ते शब्दाची ओळख असेल तरच कळतं. ही खूण मला पुस्तकात सापडली नाही, कानाला लागली. तिच्यावरून निदान होत नाही. शिवाय खारघरमध्ये साऱ्या देशातून माणसं आलेली, म्हणून आधी विचारते, “गाव कुठलं, घरात कुठली भाषा?” काकू वाईच्या. मग मात्र मी पेन खाली ठेवलं.

१९८२ मध्ये मेंदूतज्ज्ञ मेसुलम यांनी सहा रुग्णांची नोंद केली: स्मरण बऱ्यापैकी जागेवर, भाषा मात्र हळूहळू ओसरत चाललेली. आज या ओसरण्याच्या तीन वाटा मानतात. कुणाला शब्द ओठांवर येऊन अडतो, लांब वाक्य मागोमाग म्हणता येत नाही; तिथे बहुधा अल्झायमर असतो. कुणाचं व्याकरण मोडतं, ‘पोळी खाल्ली’चं ‘पोळी खा’ होतं. त्यामागे बहुतेकदा टाऊ प्रथिन. काकूंची तिसरी वाट: बोलणं अस्खलित, लिंग-वचन चोख, संकष्टी कधी तेही पाठ, पण वस्तूंचे अर्थच विरतात. एमआरआयमध्ये डाव्या कानशिलामागचा मेंदू पुढच्या बाजूला आक्रसलेला दिसला.

शिकताना वाटायचं, आपण गेलेलं बोलणं परत आणतो. इथे जे उरलंय ते राखायचं. काकांना सांगितलं, माझी कार्डं नकोत, घरच्या वस्तूंचे फोटो वहीत चिकटवा. स्वतःच्या वस्तूची ओळख जास्त तग धरते.

पुढच्या खेपेला ते चाळणच घेऊन आले. काकूंनी कडेला तळव्याने दोन थापा मारल्या, अडकलेला कोंडा झाडावा तशा.

“हिचं नाव?” काका पुढे झुकले.

“नाव कशाला? माझी आहे ती.”

वहीत फोटोखाली मी तेवढंच लिहिलं.