बर्मिंगहॅमची दुनळी

बर्मिंगहॅमला आपल्याकडची माणसं जातात ती बहुधा नातेवाइकांना भेटायला. २०२१ च्या जनगणनेनुसार तिथली सुमारे ३० टक्के वस्ती मुस्लिम आहे, त्यामुळे सालन, नान आणि उर्दूतल्या गप्पा यांची तिथं कमी नाही. मीही खालाजाद बहिणीकडेच उतरले होते. पण पाहायचं होतं ते डिगबेथ भागातलं, बॅनबरी स्ट्रीटवरचं 'प्रूफ हाउस'. आगगाडीच्या रुळांजवळची ही जुनी इमारत. दारावर शस्त्रास्त्रांचं मोठं कोरीव शिल्प. आत जायला आधी ठरवून, गटानं जावं लागतं.

इथं बंदुका बनत नाहीत, त्यांच्या नळ्यांची परीक्षा होते. १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्यानं हे घर उभं राहिलं, तेही इथल्या बंदूक कारागिरांनीच मागणी करून आणि खर्च सोसून. काम आजही चालू आहे.

माझे पाय अडकले ते टोपीदार दुनळीपाशी. कोकणात नाना जिला 'ठासणीची' म्हणत, तिचीच ही श्रीमंत बहीण. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग डाट, मग छर्रे, पुन्हा डाट, आणि गजानं ठासायचं. तो गज दोन्ही नळ्यांच्या खाली बसवलेला असतो. मागच्या बाजूला प्रत्येक नळीला एक पोकळ बोंडी. तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीतून दारूपर्यंत जाते.

ही युक्ती मुळात एका पाद्र्याची. स्कॉटलंडचे अलेक्झांडर फोरसाइथ शिकारीचे शौकीन. गारगोटीच्या बंदुकीत आधी बाहेर भडका उडे, तो पाहून पाखरं निसटत. म्हणून त्यांनी ठोक्यानं पेटणारी दारू वापरली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. तांब्याची टोपी त्यानंतर आली आणि १८२० च्या दशकात पसरली.

दुनळीचा एकेक भाग पाहताना जाणवतं, की कारागिरानं शोभेइतकाच धोक्याचाही विचार केलाय. घोड्याचं तोंड आतून खोलगट, म्हणजे फुटलेल्या टोपीचे तुकडे डोळ्यांत उडू नयेत. चाप दोन, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. उंची बंदुकीत नळीच्या बुडाशी प्लॅटिनमची बारीक गुडदी असे. दाब फार वाढला तर आधी ती उडावी, नळी वाचावी. नळ्या बुडाशी आकड्यानं अडकवलेल्या. पुढची पाचर काढली की दस्त्यापासून सुट्या होतात, कारण काळ्या दारूची राख गरम पाण्यानं धुतली नाही तर लोखंड खाते.

नळ्यांवर पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी होती. तिला दमिश्की म्हणतात. खऱ्या दमिश्की तलवारीचं फौलाद भट्टीत मुशीत वितळवून होई; त्यातलं बरंच आपल्या दक्षिणेतून, तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून जाई. युरोपातल्या नळीचं तंत्र मात्र निराळं. लोखंड आणि पोलादाच्या सळया पिळून त्यांच्या पट्ट्या गुंडाळायच्या, मग ठोकून सांधायच्या. दिसायला देखणी, पण एखादा सांधा कच्चा राहिला तर वरून कळत नाही.

दोन नळ्यांमुळे आणखी एक धोका येतो. एका नळीचा बार काढला की त्या धक्क्यानं दुसरीतले छर्रे पुढे सरकू शकतात. दारू आणि छर्रे यांत पोकळी राहिली तर नळी फुटते. म्हणून जाणकार शिकारी दुसऱ्या नळीतला बारही गजानं पुन्हा दाबून बघत, पण त्याआधी तिची टोपी काढून. तेवढं विसरलं तर तोंडावर धरलेला हातच जायचा.

म्हणूनच प्रूफ हाउस. नेहमीपेक्षा जास्त बार भरून, माणसं दूर ठेवून, नळी उडवून बघायची. टिकली तर शिक्का. इथला जुना शिक्का म्हणजे मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि रोमन लिपीतली बी-पी-सी ही अक्षरं. तो नळ्यांच्या खालच्या बाजूला असतो. बंदूक खोलल्याशिवाय दिसत नाही.

याच शहरातून गुलामांच्या व्यापारासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ढिगानं बंदुका गेल्या. सॅम्युअल गॅल्टन हे क्वेकर पंथाचे कारखानदार. हा धंदा सोडला नाही म्हणून १७९६ मध्ये त्यांच्याच पंथानं त्यांना दूर केलं. नळी पक्की आहे एवढंच शिक्का सांगतो. ती कोणावर रोखली, ते नाही. हे मला तिथं फार टोचलं.

रात्री मामूंना फोन लावला. नानांची ठासणीची दुनळी अजून माळ्यावर होती. पूर्वी रानडुकरांपासून भात राखायला ती लागायची, आणि आता माझा भाचा तिचा एकदा तरी बार काढू या म्हणून मागे लागला होता. मी म्हटलं, "मामू, पाचर काढून नळ्या उलट्या करून बघा, काही खूण आहे का?" दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. खूण एकही नव्हती, आणि बुडाशी बोटभर गंज. त्याच आठवड्यात त्यांनी ती लायसनच्या कागदांसकट पोलीस ठाण्यात जमा केली. भाचा दोन दिवस बोलत नव्हता.